हॅमस्टरच्या गालातली ढेप

आमच्या दुकानात येणारा माणूस जनावराचं नाव नंतर सांगतो, नातं आधी सांगतो. ‘काकू, माझी पोरगी कालपासून जेवली नाही हो,’ असं रडवेल्या आवाजात म्हणणाऱ्या एका बाईला मी चक्क लहान मुलांच्या डॉक्टरांचा पत्ता सांगायला लागले होते. तिनं पिशवीतून डबा काढला, डब्यातून पोरगी काढली आणि काउंटरवर ठेवली. पोरगी माझ्या मुठीत मावेल एवढी होती आणि तिला मिशा होत्या. तेव्हापासून मी आधी विचारते, ‘पोरगी दोन पायांची की चार?’

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुमच्या धंद्यातलं काही लिहा’ म्हणून फोन केला, तेव्हा मी लगेच म्हटलं, लिहिते, पण हॅमस्टरच्या खुराकावर लिहिते. त्यांना बहुधा बाईनं एकटीनं दुकान कसं उभं केलं वगैरे हवं होतं. ते काही विशेष नाही. उभं सासऱ्यांनी केलं, मी फक्त त्याचं तोंड फिरवलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात सासऱ्यांचं ढेप, सरकी, डाळीची चुनी आणि कुटाराचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं दुकान होतं. ढेप म्हणजे सरकीतलं तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा. आमच्या वऱ्हाडात दुभत्या जनावराला ढेप नसेल तर दुधाची गोष्ट करू नये. मी लग्न होऊन अमरावतीहून आले तेव्हा माहेरची माणसं म्हणाली होती, पोरीच्या लुगड्याला आता जन्मभर ढेपेचा वास येणार. आलाच. पुढे म्हशी शहराबाहेर गेल्या, गोठ्यांच्या जागी फ्लॅट झाले, आणि ओट्यावर मी एक माशांची पेटी मांडली. सासरे म्हणाले, ‘सूनबाई, हे दूध देते काय?’ मग लव्हबर्ड आले, मग हॅमस्टर आले. आज पुढच्या भागात हॅमस्टरचा खाऊ मिळतो आणि मागच्या भागात अजूनही म्हशीचा. मला दोन्हींचा सारखाच अभिमान आहे.

ज्यांनी हॅमस्टर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गुबगुबीत, मऊ, जवळजवळ बिनशेपटीचा, डोळे काळ्या मण्यांसारखे. उंदराच्याच गोतावळ्यातला, पण हे त्याच्या मालकासमोर बोलायचं नाही, गिऱ्हाईक तुटतं. दिवसभर झोपतो, दिवे लागले की उठतो. दाणे, भाजीपाला खातो; पण मोकळ्या रानात तो किडे-अळ्याही खाणारा प्राणी आहे. त्याला नुसत्या ज्वारी-बाजरीवर ठेवलं तर केस विरळ होतात, अंग उतरतं. म्हणून अधूनमधून प्रोटीनचा खाऊ द्यावा लागतो. पाकिटात मिळतो तो महाग, आणि त्यात गोडवा घातलेला. म्हणून मी घरीच करायला लागले. फुटाण्याचं पीठ, भाजलेला जवस, थोडे तीळ, उकडून वाळवलेलं अंडं आणि वाळलेल्या अळ्यांचा चुरा. मीठ नाही, गूळ नाही, तूप नाही. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून खडखडीत वाळवायच्या. पहिल्या घाण्याच्या दिवशी पिंजऱ्यातल्या एकानं गोळी दोन्ही हातांत धरली, फिरवून फिरवून कुरतडली आणि मग जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत राहिला. मी स्वयंपाकघरातून दुकानापर्यंत ओरडत गेले होते, ‘खाल्ली! खाल्ली!’ घरातल्यांना वाटलं, मीच कसली तरी औषधाची गोळी खाल्ली.

खाऊ विकणं सोपं, तो बेतानं द्यायला लावणं कठीण. अमरावतीला माझ्या माहेरच्या गल्लीत तालमीची हौस जुनी. तिथला एक धिप्पाड गडी हॅमस्टर घेऊन आला. हॅमस्टरला हगवण लागली होती. काय खाऊ घातलं म्हणून विचारलं तर छाती फुगवून म्हणाला, ‘मी घेतो थेच पावडर देल्लं काकू. चॉकलेटवालं.’ मी म्हटलं, ‘याला कोणत्या कुस्तीत उतरवायचं आहे बाबा?’ तो लाजला. मग त्याला पटेल असं सांगितलं. खुराक अंगापुरता असतो, उरलेला पोटात बसून कुस्ती खेळतो.

तिथलेच एक गुरुजी माझे आवडते गिऱ्हाईक. पूजा सांगणारं घर, कांदासुद्धा बेतानं. नातवासाठी हॅमस्टर आणला आणि मला फोनवर विचारलं, ‘वहिनी, या गोळीत काय काय आहे, ते खरं सांगा.’ मी खरं सांगितलं. अंडं आणि अळ्या. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. गुरुजी म्हणाले, ‘मुंगूस पाळलं असतं तर त्याला साबुदाणा थोडाच घातला असता? ज्याचं अन्न त्याला.’ पण डबी जिन्याखाली राहील, आणि आधी हॅमस्टरला घास, मग आपली अंघोळ, मग देवपूजा, असा क्रम त्यांनी बांधून घेतला. एकदा एकादशीला मी गमतीनं विचारलं, आज त्याचा काय फराळ? म्हणाले, ‘उपास मी धरलाय. त्यानं संकल्प सोडलेला नाही.’

आता मुख्य गोष्ट सांगते. त्यासाठी हॅमस्टरच्या गालांची ओळख हवी. त्याच्या दोन्ही गालांत आतून पिशव्या असतात, पार खांद्यापर्यंत जाणाऱ्या. मिळालेलं अन्न तो लगेच खात नाही. गालात कोंबतो, आपल्या कोपऱ्यात नेतो, पुढच्या पंजांनी गाल ढकलून रिकामे करतो आणि साठा करून ठेवतो. त्यामुळे वाटी रिकामी झाली म्हणजे पोट भरलं, असा हिशेब त्याच्याकडे चालत नाही. आणि चिकट काही दिलं तर ते पिशवीतच बसतं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगते. पण गिऱ्हाइकाच्या घरी आजोबा असतात, त्यांना कोण सांगणार?

हिवरखेडचे आबाजी सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडून ढेप नेत. काळ्या जमिनीचे शेतकरी, गायी-म्हशींचे मोठे दर्दी. अकोल्यात त्यांचा थोरला मुलगा आमच्याच गल्लीत राहतो. त्याच्याकडे आले की दुकानाच्या ओट्यावर बैठक ठरलेली. मला अजून सूनबाई म्हणतात. त्यांची नात तनू, पाचवीतली पोर, तिनं माझ्याकडून एक हॅमस्टर नेली होती. नाव मोमो. आबाजी तिला मोमाबाई म्हणत. कोणत्याही मादीला बाई म्हणायची त्यांची रीतच होती. त्यांच्या गोठ्यात कपिलाबाई आणि चंद्राबाई होत्या.

तनूची मैत्रीण नवरात्रात गावी गेली आणि आपला हॅमस्टर तनूकडे ठेवून गेली. ‘दोघी मैत्रिणी खेळतील,’ असं ठरलं. दोघींपैकी एक मैत्रीण नव्हती. मैत्रीण परतली, आपला हॅमस्टर घेऊन गेली. मग दिवाळीची सुट्टी लागली, तनू पिंजऱ्यासकट आबाजींबरोबर हिवरखेडला गेली, आणि दोन-चार दिवसांत माझा फोन वाजला.

‘काकू! मोमोले पिल्लं झाले! लाल लाल! शेंगदाण्याएवढे! आठ हायेत!’

मी इतक्या जोरात किंचाळले की मासे बघणाऱ्या एका गृहस्थांच्या हातातली पिशवी पडली. इतकी वर्षं विकतेय, तरी पिल्लं झाली म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. शेंगदाण्याएवढे उघडे जीव, आणि पंधरवड्यात ते केसाळ होऊन डोळे उघडून पळायला लागतात!

पण आनंद झाला तशी मी कडकही झाले. पोरीला बजावलं, ‘हात लावायचा नाही. डोकावायचं नाही. पिंजऱ्यावर ओढणी टाक, शांत खोलीत ठेव. रोज पाणी बदल. उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा आणि माझी एक गोळी, दाराशी ठेवून बाजूला हो.’ तिनं विचारलं, ‘काहून? पाहिलं तर काय होते?’ तिला खरं कारण सांगावंच लागलं. हॅमस्टरची आई घाबरली किंवा तिच्या अंगात कस उरला नाही, तर ती आपली पिल्लं खाऊन टाकते. ऐकायला वाईट वाटतं, पण तो तिचा दुष्टपणा नाही. आठ जीवांना दूध पाजायचं, तर तेवढा खुराक अंगात लागतो. तो नसेल तर ती काय करणार? तनू म्हणाली, ‘मी नाही खाऊ देणार तिले. लय जीव लावीन.’

मला तिची काळजी नव्हती. पोर शहाणी. काळजी करायला हवी होती ती घरातल्या मोठ्या शहाण्याची.

वसुबारसेच्या सकाळी पुन्हा फोन आला. या वेळी नुसतं रडणं. ‘मोमो खाऊन नाही राहिली. तिचे गाल सुजले. अन् काकू, एक पिल्लू नाही दिसून राहिलं.’

एक पिल्लू गेलं होतं. सात राहिली होती, आणि तीही जाणार हे मला तिथल्या तिथे कळलं. मी नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं. निवृत्त शिक्षक माणूस, त्यांना मासा कोणता आणि पोपट कोणता एवढंच कळतं, पण दिवाळीत तेवढंही चालतं. पिशवीत ड्रॉपर, लांब चिमटा, उकडलेली अंडी, गोळ्यांची डबी टाकली आणि अकोटवरून जाणारी बस पकडली. गर्दी मरणाची, एका हातानं दांडीला लटकून उभी होते, आणि अंड्यांची पिशवी काखेत. तशा गर्दीत मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जनावरांच्या डॉक्टर, गायी-म्हशींच्या जितक्या हुशार तितक्याच या चिमुकल्यांच्याही. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. गालात काही अडकलं असेल तर अकोल्याला आणा, मी धुऊन काढते. पण पिल्लांपासून उचलून इतका प्रवास झाला तर ती पिल्लांना पुन्हा जवळ घेईल याची खात्री नाही. दुसरी वाट, ड्रॉपरनं पाण्याचे थेंब देत राहा, एकदम शांतता ठेवा, आणि संध्याकाळी ती उठेल तेव्हा स्वतः गाल रिकामे करते का पाहा. नाही केले तर मात्र आणावंच लागेल. म्हणजे आईला वाचवायचं तर सात पिल्लांवर पाणी सोडायचं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईनं सगळं ऐकलं आणि तिची जागा मला दिली. म्हणाली, ‘बसा बाई, तुमच्या घरी लय मोठं संकट दिसते.’ मी बसले.

हिवरखेडला आबाजी दारातच उभे होते. धाकटा मुलगा आणि सून कापूस वेचायला वावरात गेले होते, घरी आजोबा आणि नात दोघंच. मधल्या खोलीत पिंजरा ठेवलेला, वर ओढणी, खिडकी लावलेली. सगळं अगदी मी सांगितलं तसं. मी ओढणीचं टोक उचललं. मोमो घरट्याच्या तोंडाशी पडून होती, गाल असे फुगलेले की डोळे बारीक झालेले. आत पिल्लांची अगदी बारीक चिवचिव चाललेली, भुकेची. आणि मग मला वास आला.

तो वास मी झोपेतही ओळखीन. माझ्या लुगड्यांना आयुष्यभर आलेला वास तो. भिजलेल्या सरकीच्या ढेपेचा.

मी चिमट्यानं पिंजऱ्याच्या लांबच्या कोपऱ्यातलं भुसकट बाजूला सारलं. खाली ढेपेचा छोटा ढीग, त्यात आंबलेला अंड्याचा तुकडा, आणि माझ्या गोळ्या जशाच्या तशा. बाईनं सगळा खुराक कोठारात लावला होता.

‘आबाजी, इला ढेप कोणी दिली?’

‘मीच देल्ली ना,’ आबाजी सरळ म्हणाले. ‘भिजवून, मऊ करून देल्ली. सकाळी चिमूटभर, संध्याकाळी चिमूटभर. गाय व्याली का आपन ढेप देत नाही काय? नुसत्या अंड्यानं का दूध येते? अन् आवडे ना तिले! वाटी चाटूनपुसून साफ करे.’

‘ती खात नव्हती आबाजी. गालात भरून ठेवत होती. ती ढेपच आता चिकटून बसली आहे. तोंडात घास घालायला जागाच नाही तिला.’

आणि ढेपेचं आणखी एक आहे, तेही मी सांगून टाकलं. सरकीत एक विषारी अंश असतो. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात तो मोडतो, म्हणून म्हशीला ढेप मानवते. एका साध्या पोटाच्या चिमुकल्या जीवाला नाही मानवत. मोमोच्या बाबतीत ढेपेनं किती केलं आणि उपासमारीनं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून हॅमस्टर विकताना मी विचारते, ‘घरी ढेप आहे का?’ पुण्याहून आलेला एक मुलगा या प्रश्नावर खूप हसला होता. हसू दे. इथे ढेप देणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, उलट सगळ्यात लाडक्या बाळंतिणीलाच ती मिळते.

आबाजी खाटेच्या कडेवर बसले. ज्या माणसाला दहा गावचे लोक ‘गाय आटली, काय करू’ म्हणून विचारायला येत, तो माणूस हाताची बोटं बघत बसला होता. आणि तनू भिंतीशी उभी राहून म्हणाली, ‘तुमीच मारलं माह्या पिल्लाले. मी नाही बोलत तुमच्याशी. कधीच नाही.’

मला त्यांच्याकडे बघवेना. मी कामाला लागले. कोपऱ्यातला साठा चिमट्यानं कणाकणानं काढला, घरट्याला धक्का न लावता. मग ड्रॉपरनं मोमोच्या ओठाशी एक थेंब. तिनं चाटला! दुसरा थेंब, तोही चाटला! मी तनूला खूण केली, तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. आत पाणी जात राहिलं तर ढेप सैल पडेल. आता फक्त शांतता हवी होती.

नेमकी तेव्हाच गल्लीत लवंगी फटाक्यांची माळ लागली. मोमो दचकून घरट्यात मागे सरकली आणि तिनं एका पिल्लावर तोंड नेलं. तनूनं डोळे मिटून घेतले. मोमोनं पिल्लू हुंगलं आणि सोडलं. पण आणखी एक माळ लागली असती तर?

दिवाळीत गल्लीतल्या पोरांना फटाके वाजवू नका म्हणून कोण सांगणार, आणि ते कोण ऐकणार? आबाजी उठले, टोपी घातली, काठी घेतली आणि बाहेर गेले. खिडकीच्या फटीतून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

‘पोट्टेहो, फटाके तिकडे शाळेच्या पटांगणात नेजा. घरात बाळंतीण हाय. अडलेली हाय.’

बस्स. एवढंच. आमच्याकडे ‘घरात बाळंतीण आहे’ या वाक्यापुढे कोणी वाद घालत नाही. पोरं माळा उचलून पळाली. समोरच्यांनी टीव्ही बंद केला. पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी थांबवली, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका आबाजींच्या कपिलाबाईची वसुबारसेची पूजा करायला आल्या, तर आबाजींनी गाय-वासरू गोठ्यातून सोडून पार गल्लीच्या टोकाला नेऊन बांधलं. बायकांनी तिथे कुजबुजत पूजा केली, कुजबुजत आरती म्हटली. मी खिडकीतून बघत होते. इतकी हळू आरती मी जन्मात ऐकली नव्हती.

मग शेजारच्या सुमनबाई पदराआड डबा घेऊन दबक्या पावलांनी ओसरीवर आल्या. डिंकाचे लाडू होते. आबाजींना म्हणाल्या, ‘तुमची सून तर सकाळी मले भेटून वेचाले गेली. मंग बाळंत कोन झालं?’

‘मोमाबाई,’ आबाजी म्हणाले.

‘कोठची जी?’

‘अकोल्याची. माहेरपणाले आली व्हती.’

‘बरं. काय झालं मंग? पोरगा का पोरगी?’

आबाजींनी आयुष्यात खोटं बोललेलं मला माहीत नाही. ते म्हणाले, ‘सात हायेत.’

सुमनबाई मटकन खाली बसल्या. मला आत हसू आवरेना; हसले तर मोमो घाबरेल, म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आबाजींनी त्यांना दारातून लांबूनच पिंजरा दाखवला. माझी खात्री होती, आता ही बाई गल्लीभर बोंब ठोकणार, ‘उंदरीसाठी आमचे फटाके बंद केले!’ सुमनबाईंनी आत पाहिलं. ती लाल पिल्लं त्यांना कितपत दिसली कोण जाणे. डबा उंबऱ्याशी ठेवून त्या हळूच म्हणाल्या, ‘बाळंतीण ते बाळंतीण. मी बसतो दाराशी, कोनाले येऊ देत नाही.’ आणि खरंच बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठावर बोट ठेवून परत पाठवत राहिल्या.

दिवेलागण झाली. खोलीत आम्ही फक्त एक पणती ठेवली होती, तीही दाराबाहेर. मी एका बाजूला, तनू माझ्या शेजारी, आबाजी खाटेवर. तनू त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. कोणी हलत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्या फुगलेल्या गालांवर. उठ गं बाई, उठ. आता नाही उठलीस तर तुला उचलावं लागेल.

मोमो उठली.

पुढचे दोन्ही पंजे तिनं कानामागे नेले आणि गालावरून पुढे ढकलले. काही झालं नाही. पुन्हा ढकलले. तोंड उघडलं, आणि ढेपेचा एक लिबलिबीत गोळा बाहेर पडला. तनूनं माझ्या दंडात नखं रुतवली. मग दुसरा गाल. हा घट्ट होता. तिनं ढकललं, थांबली, ढकललं, धापा टाकल्या, पुन्हा ढकललं. मी माझेच गाल आतून चावत होते. आणि तोही सुटला! त्या फुगीर चेहऱ्याच्या जागी एकदम तिचा खरा, निमुळता, दमलेला चेहरा दिसला. मला टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या, आणि मी मुठी आवळून बसले होते.

मी लांब चिमट्यानं अंड्याचा तुकडा पुढे केला. आता हिनं तो गालात भरला तर पुन्हा पंचाईत. तिनं तो हातात धरला. आणि बसून खाल्ला, चावून खाल्ला. मग माझी गोळी. ती कुरतडण्याचा आवाज त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू आला. दाराशी बसलेल्या सुमनबाईंनीही हात जोडले. मग मोमो पाणी प्यायली, अंग झटकलं आणि घरट्यात शिरली. पिल्लांची चिवचिव एकदम वाढली. खायला गेली की पाजायला? अंधारात काही दिसत नव्हतं.

मग चिवचिव एकेक करून थांबू लागली. मी श्वास धरून ऐकत होते, आणि मला काही कळेना. शांत होणं म्हणजे चांगलं की वाईट?

ते आबाजींना कळलं. आयुष्यभर गोठ्यात बसून त्यांनी हेच ऐकलं होतं. ते खाटेवरून अर्धे उठले आणि न राहवून मोठ्यानं बोलले, ‘पान्हावली! सूनबाई, पान्हावली ती! पिऊन राहिले सारे!’

तनू ताडकन उठली. त्या भांडणानंतर पहिल्यांदा ती त्यांच्याकडे वळली, धावत गेली आणि आपला तळहात त्यांच्या तोंडावर दाबून धरला.

‘हळू बोला ना आबाजी,’ ती म्हणाली. ‘बाळंतीण हाय ना घरात.’

आबाजींनी त्या तळव्याआड मान हलवली. मग तिचं मनगट धरलं, आणि तो हात त्यांनी बराच वेळ तोंडावरून काढू दिला नाही.